लॉकडाऊन, मधुमेह आणि मन: खाण्यापिण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला, त्या दिवशी गुढीपाडवा होता. अनेक घरांत श्रीखंडाचा डबा आधीच येऊन पडला होता आणि पाहुणे कुणीच येणार नव्हते. मी मधुमेह समुपदेशक आहे. माझं काम दवाखान्यात समोरासमोर बसून चालायचं, ते त्या आठवड्यात फोनवर आलं. सुरुवातीचे प्रश्न गोळ्यांचे आणि शुगर तपासायच्या स्ट्रिप्सचे होते. तीन-चार आठवड्यांनी आवाज बदलले. "शुगर वाढलीय हो," असं बोलणं सुरू व्हायचं आणि पाच मिनिटांनी कळायचं की रात्र रात्र झोप नाही, मुलगा परदेशात अडकलाय, पगार अर्धा झालाय.

ज्यांची शुगर तेव्हा वाढली, त्यांना घरच्यांनी आणि कधी कधी डॉक्टरांनीही "जिभेवर ताबा नाही" असं सुनावलं. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आज तर मुळीच पटत नाही. त्या दिवसांतल्या सवयी अजून अनेकांना चिकटलेल्या आहेत आणि तेच प्रश्न अजून येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. औषधाचा डोस मात्र हे वाचून बदलू नका. तो तुमच्या डॉक्टरांना विचारूनच बदलायचा.

नुसत्या काळजीनं शुगर वाढते का? मी खाण्यात काहीच बदल केला नव्हता.

वाढते. भीती वाटली की शरीर पळायची तयारी करतं. अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि ही साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. वाघ मागे लागला असेल तर ही साखर पायांच्या कामी येते. लॉकडाऊनमध्ये वाघ बातम्यांत होता आणि माणूस पलंगावर बसलेला. सोडलेली साखर वापरलीच जात नव्हती. हे एक दिवस झालं तर शरीर सावरून घेतं, महिनोन्‌महिने चाललं तर उपाशीपोटीची शुगरसुद्धा वर जाऊन बसते.

त्यात झोपेची भर. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी इन्सुलिन नीट काम करत नाही, भूक जास्त लागते आणि तीही गोड-तळलेल्याचीच लागते. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर रुग्णांचे आकडे बघणारा माणूस सकाळी पोह्यांची दुसरी प्लेट घेत असेल, तर त्या प्लेटचं मूळ आदल्या रात्रीत शोधायला हवं.

मग सगळ्याच मधुमेहींची शुगर बिघडली का?

नाही, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. दिल्लीतल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये टाइप २ मधुमेहाच्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही अशा, १५० रुग्णांची फोनवरून विचारपूस केली. साधारण पाचातल्या एकाने भात-पोळी-ब्रेडसारखं पिष्टमय खाणं वाढल्याचं सांगितलं, चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांचा व्यायाम कमी झाला होता आणि मनावर ताण असल्याचं तर बहुतेकांनी सांगितलं. त्याच वर्षी चेन्नईत मोठ्या संख्येने रुग्णांशी बोलून झालेल्या पाहणीत मात्र बरेच जण पथ्य आणि व्यायाम सांभाळून होते आणि त्यांची शुगरही बिघडलेली नव्हती. स्पेन आणि इटलीत टाइप १ च्या, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही अशा, अनेक रुग्णांची शुगर त्या दिवसांत चक्क सुधारली.

माझ्या फोनवरही दोन्ही प्रकारची माणसं होती. ज्यांची शुगर सुधारली त्यांचा दिवस बांधलेला होता: जेवण वेळेवर, हॉटेल बंद, कामाची धावपळ कमी, शेजारी गोळी घ्यायची आठवण करणारं माणूस. ज्यांची बिघडली त्यांच्या दिवसाला आकारच उरला नव्हता. इच्छाशक्ती दोन्हीकडे सारखीच होती, असं मी खात्रीने सांगते.

दिवसभर काहीतरी तोंडात टाकावंसं वाटायचं. ती भूक होती की नुसती सवय?

घरी करून बघायची एक परीक्षा सांगते. काही खावंसं वाटलं की स्वतःला विचारा, "आत्ता ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ दिली तर खाईन का?" उत्तर "हो" आलं तर भूक आहे, जेवा. उत्तर "नको, फरसाणच हवं" असं आलं तर मन काहीतरी मागतंय. ते काय मागतंय हे बघायला हवं. बहुतेकदा ते कंटाळ्यातून सुटका, धीर किंवा सोबत मागत असतं.

लॉकडाऊनमध्ये तर खाणं हाच घराघरातला कार्यक्रम होता. कुकरमधला केक, डालगोना कॉफी, घरची पाणीपुरी, पहिल्यांदाच केलेल्या जिलेब्या. फोटो ग्रुपवर टाकायचे, दुसऱ्यांचे बघायचे आणि उद्या काय करायचं ते ठरवायचं. माणसं एकत्र येण्याचं दुसरं कारणच उरलं नव्हतं. त्यात एकट्या मधुमेहीनं काकडी खात बसावं ही अपेक्षा क्रूर होती.

मी लोकांना पदार्थ बंद करायला कमी सांगितलं, घड्याळ लावायला जास्त. नाश्ता, जेवण, चार वाजताचं खाणं आणि रात्रीचं जेवण यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. चहा दिवसातून दोनदाच, आणि त्याबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटं घरातच आणू नका. समोर दिसणारा डबा फुटाण्यांचा असू द्या. जिलेबी झालीच तर जेवणानंतर एक, सगळ्यांबरोबर बसून, चवीनं. एकट्यानं उभ्या उभ्या ओट्याशी खाल्लेल्या चार जिलेब्यांचं समाधान मिळत नाही, अपराधीपणा मात्र पुरेपूर मिळतो. आणि तो अपराधीपणाच रात्री पुन्हा डब्याकडे नेतो.

घरात उरलेलं सगळं मीच संपवायचे. मला कुणी खाताना पाहिलंसुद्धा नाही, मग वजन कसं वाढलं?

हा प्रश्न मला फक्त बायकांनी विचारला. त्याचं उत्तर मोठं आहे.

कामाला येणाऱ्या मावशी बंद झाल्या. घरात पाच माणसं चोवीस तास, तिघांचं काम किंवा शाळा ऑनलाइन, प्रत्येकाची जेवायची वेळ वेगळी. एका काकूंनी मला त्यांचा दिवस सांगितला होता: सकाळी सहाला दूध तापवण्यापासून रात्री साडेअकराला ओटा पुसेपर्यंत त्या बसल्या म्हणून नव्हत्या. त्यांचं स्वतःचं ताट असं दुपारी कधी वाढलंच गेलं नाही. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाचा भात, नातीनं टाकलेला शिरा, चव बघताना चार चमचे आमटी. अन्न टाकायचं नाही हा संस्कार, आणि तेव्हा तर भाजी मिळवायलाही रांग. सगळं मिळून दोन जेवणांइतकं व्हायचं, पण जेवल्याचं समाधान एकदाही नाही. गोळी "जेवणाआधी" घ्यायची होती, पण जेवण नेमकं कधी होतं हेच ठरलेलं नसल्यानं ती बरेचदा राहून जायची.

त्यांना मी एकच सांगितलं: आधी स्वतःचं ताट वाढून घ्या. ताट अर्धं भाजी-कोशिंबिरीनं भरा, पाव भागात डाळ किंवा उसळ, पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. खाली बसा आणि गोळी वेळेवर घ्या. उरलेलं डब्यात, डबा फ्रिजमध्ये, संध्याकाळी त्याची थालीपीठं. "सगळ्यांच्या आधी कसं जेवू?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांच्या मुलाशी बोलले. त्या घरात दुपारी एकला सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरलं. काकूंची शुगर उतरायला दोन महिने लागले, पण फोनवरचा आवाज पंधरवड्यातच बदलला होता.

तुमच्या घरात अशी बाई असेल तर तिला पथ्याचं पत्रक देऊ नका. भांडी घासा.

काढ्यामुळे शुगर वाढते का?

काढ्यातल्या तुळस, सुंठ, दालचिनी, मिरी यांनी नाही, त्यातल्या गुळानं आणि मधानं वाढते. आयुष मंत्रालयानं ३१ मार्च २०२० ला दिलेल्या सल्ल्यात काढ्यात गूळ किंवा लिंबू चवीपुरतं, हवं असेल तर घाला, असं होतं. च्यवनप्राशाबद्दल तर मधुमेहींनी साखर नसलेला घ्यावा असं स्पष्ट लिहिलं होतं. व्हॉट्सअॅपवर फिरता फिरता ती ओळ गळाली. दिवसातून तीन वेळा दोन-दोन चमचे गूळ घालून काढा पिणारे आजोबा मला भेटले आहेत. गूळ "नैसर्गिक" असला तरी रक्तात तो साखरेसारखाच वागतो. मधाचंही तेच.

आणि आंबा?

त्या वर्षी कोकणातल्या बागायतदारांनी हापूसच्या पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पोचवल्या, त्यामुळे आंबा दारात होता. अर्धा आंबा, फोडी करून, एखाद्या पोळीच्या बदल्यात, रोज नाही. आमरस वाटीनं प्यायला जातो, म्हणून तो टाळलेला बरा. आंबा खाऊन हात न धुता बोटाला सुई टोचलीत तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवील. फळाची साखर बोटावरच असते. साबणानं हात धुवा, कोरडे करा, मग तपासा.

अचानक घाम येतो, छातीत धडधडतं, हात थरथरतात. शुगर लो होते की मी घाबरतेय?

दोन्हींत लक्षणं सारखीच असतात, कारण दोन्हीकडे अॅड्रेनॅलिनच काम करत असतं. अंदाजानं ठरवू नका, मीटर लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर शुगर लो आहे: तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून खाली असेल तर तेच पुन्हा, आणि वर आली की काहीतरी खा. चॉकलेट किंवा लाडू अशा वेळी हळू काम करतात, त्यांतल्या तुपा-तेलामुळे. मीटर हाताशी नसेल तर शुगर लो आहे असं समजूनच साखर घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

आकडा ठीक असूनही हे वारंवार होत असेल तर घाबरण्याचा, म्हणजे पॅनिकचा झटका असू शकतो. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर "मनाचं आहे" म्हणून घरी बसू नका. मधुमेहात हृदयविकार कधी कधी अगदी कमी लक्षणांनी येतो, त्यामुळे आधी हृदयाची तपासणी. ती ठीक आली की मग मनावर उपचार, आणि पॅनिकवर चांगले उपचार आहेत.

एक सापळा सांगते. काही जण घाबरल्याची प्रत्येक लहर लो शुगर समजून साखर खात राहिले आणि शुगर तीनशेवर गेली. काही जणांनी उलट केलं: लो होईल या भीतीनं इन्सुलिनच कमी घेतलं. दोन्ही ठिकाणी मीटरच्या आकड्यानं सुटका झाली.

आमच्याकडे रेशनचा तांदूळ तेवढा होता. पथ्य कसलं करायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना ताटाचं चित्र दाखवायची मला लाज वाटायची. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत तेव्हा माणशी महिन्याला ५ किलो धान्य आणि कुटुंबाला १ किलो डाळ फुकट मिळत होती. शिवभोजन थाळी मार्च २०२० च्या अखेरीला दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आली; दोन चपात्या, भाजी, वरण, भात. अनेकांच्या दिवसभरात तेवढंच एक पूर्ण जेवण होतं.

अशा वेळी जास्त शुगरपेक्षा मोठा धोका दुसरा असतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन रोजच्यासारखं घेतलं आणि जेवण झालंच नाही, तर शुगर जीवघेणी खाली जाऊ शकते. जेवणाची खात्री नसेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, लाजू नका. "वेळेवर जेवता ना?" असं विचारल्यावर मान डोलावणारे आणि प्रत्यक्षात एकवेळ जेवणारे रुग्ण मी खूप पाहिलेत. डॉक्टर अशा वेळी गोळी बदलून देऊ शकतात.

भातच खायचा असेल तर आधी डाळ आणि पाला, मग भात, या क्रमानं खा; जेवणानंतरची शुगर कमी चढते. शेवग्याचा पाला, माठ, अंबाडी, जे मिळेल ते डाळीत घाला. पोट रिकामं ठेवून पथ्य करू नका.

इन्सुलिन आणि डॉक्टरांचं काय करायचं?

लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, फोन-व्हिडिओवरून तपासण्याचे अधिकृत नियम आले, त्यामुळे जुन्या रुग्णाला चालू औषध फोनवर लिहून देणं डॉक्टरांना सोपं झालं. ती सोय आजही आहे. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये कधीच नाही. वीज जाणाऱ्या गावात मातीच्या मडक्यात पाण्यानं ओल्या ठेवलेल्या वाळूवर प्लास्टिकच्या डबीत ठेवलेलं चालतं. घरात नेहमी पंधरा दिवसांचा जास्तीचा साठा ठेवा.

वारी चुकली तेव्हापासून माझं चालणं आणि मन दोन्ही बसलं. याचा शुगरशी संबंध आहे का?

आहे, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या माउलींना मी मनापासून नमस्कार करते. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दरवर्षी ते अंतर पायी तोडणाऱ्याचं शरीर त्या तीन आठवड्यांत इन्सुलिन उत्तम वापरतं. २०२० मध्ये पालख्या पायी निघाल्याच नाहीत, पादुका एसटीनं पंढरपुरी गेल्या आणि १ जुलैची आषाढी लोकांनी घरात बसून केली. २०२१ लाही तेच. चालणं गेलं, टाळाचा नाद गेला, वर्षभर ज्यांची वाट पाहिली ती दिंडीतली माणसं गेली. काही दिंड्यांतली माणसं कायमचीच गेली. हे दुःख आहे आणि त्याला दुःखच म्हणायला हवं.

त्यात एकादशीचा उपवास उरला. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, खिचडीत वर बटाटा. चालून ते खपतं, घरी बसून खपत नाही. उपवास सोडायला मी कधीच सांगत नाही. राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी, ताक, मूठभर शेंगदाणे घ्या आणि गोळ्या-इन्सुलिनचं त्या दिवसापुरतं डॉक्टरांना आधी विचारा. रमजानचे रोजे ठेवणाऱ्यांनाही हेच सांगते. आणि रोज जेवणानंतर पंधरा मिनिटं हरिपाठ म्हणत अंगणात, गच्चीत, पार्किंगमध्ये चाला. एका बाबांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मोजून "आज जेजुरी, आज नातेपुते" असं करत पंढरपूर गाठलं होतं.

या आजाराचाच वीट आलाय. हे डिप्रेशन आहे का?

असेलच असं नाही. रोज टोचणं, मोजणं, टाळणं, सुनावून घेणं याचा थकवा येतो. त्या थकव्याला वैद्यकशास्त्रात वेगळं नाव आहे, "डायबेटिस डिस्ट्रेस", आणि १९९५ पासून तो मोजायची प्रश्नावलीही आहे. यात चीड मधुमेहाचीच असते, बाकी आयुष्यात रस असतो. उपचाराचं ओझं हलकं केलं, तपासण्या जरा कमी-सोप्या केल्या, कुणी न सुनावता ऐकलं, की हा थकवा उतरतो.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त जवळपास रोज असेल, आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. मधुमेहींमध्ये ते इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं, म्हणजे तुम्ही एकटे नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि मधुमेहाच्या गोळ्यांची यादी सोबत न्या, कारण नैराश्यावरच्या काही औषधांनी वजन वाढतं आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत हवीत. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, मोफत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर आजच फोन करा. घरच्यांनी इन्सुलिन आणि गोळ्या तेवढे दिवस आपल्या ताब्यात ठेवाव्यात आणि वेळच्या वेळी स्वतः द्याव्यात.

टाइप १ असलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांसाठी: वजन कमी करायला मुद्दाम इन्सुलिन टाळणं हा प्रकार खरा आहे. शुगर कायम खूप वर, वजन उतरतंय, इन्सुलिन मात्र पुरतंय जास्त, असं दिसलं तर रागावू नका, लगेच डॉक्टर आणि समुपदेशक दोघांकडे न्या. इन्सुलिन चुकल्यावर उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू झाला तर थेट रुग्णालय.

कोविडनंतर शुगर अजून जागेवर नाही. तेव्हा स्टेरॉइड दिलं होतं, त्यामुळे का?

स्टेरॉइडनं शुगर चढते, विशेषतः दुपारनंतरची. ऑक्सिजन लागणाऱ्यांचे प्राण त्यानं वाचले, हे जून २०२० मध्येच सिद्ध झालं होतं. पण औषध थांबल्यावर त्याचा परिणाम काही दिवसांत ओसरतो. इतक्या वर्षांनीही शुगर वर असेल तर दोष आता त्याचा नाही, नव्यानं तपासून उपचार ठरवा. मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या बातम्यांनी बसलेली धास्ती मात्र अनेकांच्या मनात अजून आहे. चेहऱ्याची एक बाजू दुखणं-सुजणं, नाकातून काळपट स्राव, एकाच्या दोन वस्तू दिसणं, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. यातलं काहीच नसेल तर रोज आरशात शोधत बसू नका.

लॉकडाऊन संपून वर्षं झाली, पण रात्री अकराला जेवण आणि एकला खाणं अजून सुटत नाही. सुरुवात कुठून करू?

एकाच गोष्टीपासून. आता जेवता त्यापेक्षा अर्धा तास आधी रात्रीचं जेवा, सात दिवस. पदार्थ तेच, बाकी काही बदलू नका. पुढच्या आठवड्यात आणखी अर्धा तास. साडेआठपर्यंत यायला दोन महिने लागले तरी चालतील. जेवणाची वेळ पुढे-मागे करताना इन्सुलिन किंवा गोळीची वेळ कशी हलवायची, ते आधी डॉक्टरांना विचारून घ्या. रात्री एकला जाग आली तर आधी शुगर तपासा, लो नसेल तर पाणी प्या आणि झोप येत नसली तरी स्वयंपाकघराचा दिवा लावू नका. एखाद्या रात्री लावलात, तर तारखेपुढे तसं लिहा आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता टाळू नका. जेवणाच्या त्या सात वेळा कॅलेंडरच्या चौकोनांत लिहून ठेवा. पुढच्या वेळी बोलू तेव्हा शुगरच्या आधी मी त्याच विचारणार आहे.